डॉक्टरवर रुसणारा देव

आजार देवानेच दिला असेल, तर तो बरा करायचा अधिकार माणसाला कोणी दिला? ज्यू धर्मपंडितांनी हा प्रश्न कधी टाळला नाही. त्यांनी शोधलेले उत्तर प्रत्येक श्रद्धावंताने समजून घ्यावे इतके मोलाचे आहे. तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथामध्ये मारामारीच्या भरपाईचा एक नियम आहे. दोघे भांडले आणि एक जण अंथरुणाला खिळला, तर मारणाऱ्याने त्याची बुडालेली कमाई भरून द्यावी आणि औषधपाण्याचा खर्चही सोसावा. या साध्या व्यवहारी कलमातून तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथाने मोठा निष्कर्ष काढला: उपचाराचा खर्च द्यायला देवच सांगतो, तेव्हा वैद्याला उपचाराची परवानगीही देवाचीच आहे.

परवानगी सांगावी लागली, म्हणजे हरकत घेणारे होतेच. आसा राजाचे पाय दुखणाईत झाले तेव्हा तो देवाला सोडून वैद्यांकडे गेला, असा ठपका बायबलमध्येच आहे. हिज्कीया राजाने औषधांचा एक ग्रंथ दडवून ठेवला आणि जाणत्यांनी त्याला मान डोलावली, अशी तालमूदमधली आठवण आहे. राशी या 11व्या शतकातल्या फ्रान्समधल्या भाष्यकाराने त्याचे कारण दिले. त्या ग्रंथामुळे माणसे चटकन बरी होत आणि दुखण्यात त्यांचे मन नमत नसे.

ज्यू तत्त्वज्ञ आणि धर्मपंडित मैमोनिडीस (1138–1204) यांना हा अर्थ मुळीच मान्य नव्हता आणि त्यांनी तो कडक शब्दांत खोडून काढला. भुकेला माणूस भाकरी खातो, तेव्हा त्याने देवावरचा भरवसा सोडला असे कोणी म्हणते का? जेवण झाल्यावर तो अन्न देणाऱ्या देवाचे आभार मानतो. मग औषधाने बरे झालेल्या माणसाने औषध देणाऱ्या देवाचे आभार मानावेत, एवढेच.

माझ्या मते या वादाचा गाभा देव कसा मानायचा, हाच आहे. मैमोनिडीस यांच्या लेखी देवाला शरीर नाही, अवयव नाहीत, माणसासारखे राग-लोभही नाहीत. धर्मग्रंथ देवाच्या क्रोधाबद्दल बोलतात ते माणसाला कळावे म्हणून माणसाच्या भाषेत. देव काय नाही एवढेच आपण खात्रीने सांगू शकतो, इथपर्यंत त्यांनी हा विचार नेला. अशा देवाला वैद्याचा हेवा कसा वाटेल? डॉक्टरकडे गेलो म्हणून रुसणारा, रोग्याला तिष्ठत ठेवून त्याच्या निष्ठेची परीक्षा घेणारा देव ही माणसाच्या मानापमानाची सावली आहे. तिला देव म्हणणे हाच देवाचा अपमान आहे.

हे सांगणारा माणूस स्वतः वैद्य होता. धाकटा भाऊ डेव्हिड व्यापारासाठी निघालेला असताना हिंदी महासागरात बुडाला. घराचा आधार गेला आणि मैमोनिडीस यांनी वैद्यकीवर पोट चालवायला सुरुवात केली. त्यांचे 1199चे एक पत्र आहे. राहायचे इजिप्तमधल्या फुस्तातला, सुलतान कैरोत. रोज सकाळी दरबारी जाऊन रोगी पाहायचे. दुपार टळल्यावर भुकेने व्याकूळ होऊन घरी यावे, तो ओसरी माणसांनी भरलेली. त्यांत ज्यू असत, परके असत, न्यायाधीश असत, मित्र आणि शत्रूही असत. जनावरावरून उतरून हात धुवायचे, चार घास खाईपर्यंत थांबा म्हणून विनवायचे. दिवसभरातले तेवढेच जेवण. मग रात्र पडेपर्यंत तपासणी. शेवटी थकव्याने आडवे पडूनच औषध सांगायचे, तोंडातून शब्द फुटत नसे. अशा दिवसाला भक्तीत कमी कोण म्हणेल?

त्यांनीच धर्मसंहितेत आणखी एक गोष्ट बजावली. जखमेवर फुंकर घालत तोरातले वचन मंत्रासारखे पुटपुटणारा माणूस तोराला नाकारणाऱ्यांत जमा होतो, कारण आत्म्यासाठी असलेले औषध तो शरीराला लावतो. मंत्र घालणाऱ्याला आपण भाबडा म्हणून सोडून देतो; मैमोनिडीस त्याला अश्रद्ध म्हणतात.

उलट बाजूही थोर होती. धर्मपंडित नाख्मानिडीस (1194–1270) यांच्या मते आदर्श काळातल्या सज्जनांना वैद्याची गरजच पडली नसती. पण तेही वैद्यकी करत आणि आजच्या माणसाला उपचार नाकारायला त्यांनी कधी सांगितले नाही. जोसेफ कारो यांच्या 16व्या शतकातल्या ‘शुल्हान आरुख’ या धर्मसंहितेने तर बरे करणे हे कर्तव्यच ठरवले आणि हात आखडणाऱ्याला रक्त सांडणाऱ्याच्या पंक्तीत बसवले. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, मोडावा. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या कडक उपासातही खायला हवे असे रोगी म्हणाला आणि शंभर वैद्यांनी नको म्हटले, तरी रोग्याचे ऐकावे. केवढी माणुसकी आहे या कलमात!

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या घरांतही दुखण्यात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस बोलतात, बरे वाटल्यावर मलिद्याचा प्रसाद करतात, आणि औषधही घेतात. मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहणाऱ्या, 1966 साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड याच समाजातल्या. मुंबईतल्या उदारमतवादी ज्यू प्रार्थनासंघातही त्यांचा पुढाकार होता.

इतकी स्वच्छ शिकवण असूनही ती आपोआप रुजत नाही. सप्टेंबर 2018 ते ऑगस्ट 2019 या काळात न्यूयॉर्क शहरात गोवरचे 649 रुग्ण निघाले. त्यांतले बहुतेक ब्रुकलिनच्या सनातनी ज्यू वस्त्यांतले होते. एप्रिल 2019मध्ये शहराला सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. बहुसंख्य रब्बी लस घ्या असेच सांगत होते. पण वस्तीत लसीविरुद्धची पत्रके फिरत राहिली, आणि काही धर्मगुरूंनी ती मनावर घेतली किंवा गप्प राहणे पत्करले.

या गप्प बसण्याबद्दल जेरुसलेमच्या तालमूदमध्ये एक वचन आहे. जीव धोक्यात असताना शब्बाथ मोडू का, असे विचारत बसणारा रक्त सांडतो. आणि ज्याच्याकडे तो विचारायला येतो, तो धर्मगुरूही निंद्य. कारण वेळ येण्याआधीच, भर सभेत, सगळ्यांना समजेल असे त्याने हे सांगून ठेवायला हवे होते.