लोखंड स्वस्त, वस्ताद महाग

जालन्यात लोखंडाचा तुटवडा कधी नव्हता. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत भंगार वितळते, रोलिंग मिलमधून सळई होऊन बाहेर पडते आणि दूरदूरच्या बांधकामांवर जाते. आता हेच लोखंड व्यायामासाठीही विकत घेतले जाते. कुंडलिका नदीच्या अलीकडे-पलीकडे, जुन्या जालन्यात आणि त्याहून अधिक नवीन जालन्यात, दुकानांच्या वरच्या मजल्यांवर आरसे, ट्रेडमिल आणि डंबेलच्या रांगा दिसतात. मोठ्या शहरांत मात्र या जिमला एक प्रतिस्पर्धी उभा राहिला आहे आणि तो हळूहळू मध्यम शहरांकडे सरकतो आहे. छोटी जागा, यंत्रे जवळजवळ नाहीतच, चार-दोन रॅक, बारबेल, एका बॅचला आठ-दहा माणसे आणि त्यांच्यासमोर सतत उभा असलेला प्रशिक्षक. फी साध्या जिमच्या सहज चार-पाच पट. एवढे पैसे मोजण्यात अर्थ आहे का, की हा केवळ नव्या पैशाचा थाट, हा प्रश्न नवीन जालन्यासारख्या व्यापारी वस्तीत हिशेबी पद्धतीनेच विचारला पाहिजे. माझे उत्तर असे की जास्तीचे पैसे सार्थकी लागतात, पण फक्त शिकवणाऱ्या माणसासाठी दिलेले, आणि तेही काही महिन्यांपुरतेच.

साधी जिम नेमके काय विकते, हे आधी पाहू. ती जागा आणि साहित्य वापरण्याची परवानगी विकते. तिचा धंदा एका साध्या गणितावर चालतो: पैसे भरलेले सगळे सभासद एकाच संध्याकाळी आले, तर उभे राहायलाही जागा उरणार नाही. ते येणार नाहीत, हे मालकाला ठाऊक असते आणि जानेवारीत वार्षिक पॅकेजवर मिळणारी घसघशीत सूट त्याच भरवशावर दिलेली असते. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी 2006 साली अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या 7,752 सभासदांच्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. दरमहा 70 डॉलरहून अधिक भरणारे लोक महिन्यातून सरासरी 4.3 वेळाच येत होते. म्हणजे एका खेपेला 17 डॉलरपेक्षा जास्त पडत होते आणि तिथेच दहा खेपांचा पास घेतला असता तर प्रत्येक खेप 10 डॉलरमध्ये झाली असती. माणसे स्वतःच्या भावी उत्साहाला पैसे देतात आणि तो उत्साह पुढे येत नाही. अमेरिकेतले आकडे जालन्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत हे खरे, पण मार्चमधल्या कुठल्याही जिमची हजेरी पाहिली तर स्वभाव फारसा वेगळा दिसणार नाही. अशा धंद्यात शिकवण्यावर खर्च करण्याचे मालकाला काहीच कारण नसते. सभासद चांगला शिकला तर तो रोज येईल आणि रोज येणारा सभासद महाग पडतो. म्हणून पंचवीस-तीस जणांमागे एक ट्रेनर ठेवला जातो. त्याचा पगार बेताचा, आणि तो भरून काढायला ‘पीटी’ची, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगची, वेगळी फी किंवा प्रोटीनच्या डब्यावरचे कमिशन.

आता शिकवणाऱ्या माणसाने खरोखर फरक पडतो का? याबाबत क्रीडाविज्ञानातला पुरावा बऱ्यापैकी सरळ आहे. ब्राझीलच्या जेंटिल आणि बोट्टारो यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पूर्वी व्यायाम न केलेले 124 तरुण होते. दोन गट, कार्यक्रम एकच, अकरा आठवडे. फरक एवढाच की एका गटात पाच जणांमागे एक प्रशिक्षक होता आणि दुसऱ्यात पंचवीस जणांमागे एक. पंचवीसवाल्यांची बेंच प्रेसची ताकद सुमारे 10 टक्क्यांनी वाढली, पाचवाल्यांची सुमारे 16 टक्क्यांनी. पायांत तर तफावत डोळ्यांत भरण्यासारखी होती. गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंचा जोर पंचवीसवाल्यांत 1.4 टक्क्यांनी वाढला, म्हणजे न वाढल्यासारखाच, आणि पाचवाल्यांत 11.8 टक्क्यांनी. त्याआधी, 2000 साली, मॅझेटी आणि सहकाऱ्यांनी थोडाफार सराव असलेल्या पुरुषांवर बारा आठवड्यांचा असाच प्रयोग केला होता. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली असलेल्यांनी वजने लवकर वाढवली आणि शेवटी स्क्वॉट व बेंच प्रेस या दोन्हींत ते पुढे राहिले. कारण गूढ नाही. ग्लास आणि स्टँटन यांनी 2004 साली नवशिक्यांना आपापले वजन निवडायला सांगितले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या कमाल क्षमतेच्या 60 टक्क्यांहूनही कमी वजन घेतले. ताकद वाढायला लागते त्यापेक्षा हे कमी आहे. एकटा माणूस अवघड गोष्ट टाळतो, आणि मांड्यांचा व्यायाम सगळ्यांत अवघड म्हणून तो सगळ्यांत आधी टाळला जातो. जिममध्ये छाती आणि दंड फुगलेली, पण पाय काडीसारखे राहिलेली मुले दिसतात, त्यांचे स्पष्टीकरण ब्राझीलच्या त्या दोन आकड्यांत आहे.

महाराष्ट्राला हे नव्याने शिकायची गरज पडावी, हेच खरे तर नवल. आपल्याकडे तालमीची सारी रचना वस्तादाभोवती होती. साहित्य म्हणाल तर लाल मातीचा हौद, मुद्गल, एखादा मल्लखांब. जोर-बैठकांना तर तेही लागत नाही. खर्च व्हायचा तो खुराकावर आणि वेळ जायचा तो वस्तादाच्या नजरेखाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबाग मैदान बांधले. पण गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची ओळख त्यांच्या वास्तूपेक्षा तिथे शिकवणाऱ्यांवरून आणि घडलेल्या मल्लांवरून राहिली. डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र केसरीची गदा जालन्यात दिली गेली. बुलढाण्याकडून खेळलेल्या बाला रफिक शेखने अंतिम लढतीत पुण्याच्या अभिजित कटकेला हरवले. त्या विजयाची बातमी देताना मराठी वर्तमानपत्रांनी बाला रफिकचे वस्ताद हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांचा आवर्जून उल्लेख केला, कारण ते त्याच वर्षी निवर्तले होते. मल्लाची ओळख त्याच्या वस्तादावरून सांगायची, ही कुस्तीतली रीत आहे. जिममध्ये कमावलेले शरीर दाखवणारा तरुण मात्र जिमचे नाव सांगतो, यंत्राचे सांगतो, पावडरीचेही सांगतो. शिकवले कोणी, हे क्वचितच सांगतो, कारण बहुधा कोणी शिकवलेलेच नसते. व्यापारी जिमने तालमीचा हिशेब उलटा केला: साहित्यावर भरपूर खर्च आणि वस्तादावर काटकसर. महागडी जिम तीच जुनी व्यवस्था नव्या भावात परत विकते आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की चौपट पैसे भरणारा माणूस मुळातच जिद्दीचा असतो. तो कुठेही गेला असता तरी सुधारला असता. बाजारातल्या अनुभवापुरता हा आक्षेप बिनतोड आहे आणि म्हणूनच जिमच्या जाहिरातींतले ‘आधी-नंतर’चे फोटो पुरावा म्हणून निकामी आहेत. पण वर सांगितलेल्या प्रयोगांत मार्गदर्शन किती मिळणार हे कोणाच्या खिशावर ठरलेले नव्हते, तरीही फरक दिसला. दुसरा आक्षेप मोबाइलवाल्यांचा आहे. उत्तम प्रशिक्षकांचे व्हिडिओ फुकट असताना वस्ताद कशाला? व्हिडिओ पाहून हालचाल कशी असावी हे कळते. आपली हालचाल कशी होते आहे ते कळत नाही. डेडलिफ्टमध्ये पाठ वाकते आहे, हे करणाऱ्याला जाणवत नाही आणि आरशातही नीट दिसत नाही, कारण आरसा समोर असतो आणि चूक बाजूने दिसते. स्वतःचे चित्रीकरण करून तपासणारा चिकाटीचा माणूस शिकतो, यात शंका नाही, पण तो अपवाद.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, आणि तो महागड्या जिमच्या बाजूने मांडलेल्या युक्तिवादालाच कापतो. चढी किंमत ही चांगल्या शिक्षकाची हमी नाही. भारतात जिम ट्रेनर होण्यासाठी डॉक्टर-वकिलांसारखा कायदेशीर परवाना लागत नाही. क्रॉसफिटसारख्या जागतिक नाममुद्रेचे पहिल्या पातळीचे प्रमाणपत्रही दोन दिवसांच्या वर्गानंतर परीक्षा देऊन मिळते. तालमीत वस्ताद व्हायला अर्धे आयुष्य जायचे, हे आठवले की दोन दिवस हा आकडा जरा बोचतो. क्रॉसफिट करणाऱ्यांची 2014 साली अमेरिकेत एक पाहणी झाली. 386 जणांपैकी 19.4 टक्क्यांनी दुखापत झाल्याचे सांगितले; मात्र जिथे प्रशिक्षक प्रत्यक्ष लक्ष घालत होता, तिथे दुखापतींचे प्रमाण कमी होते. पाहणी लोकांच्या सांगण्यावर आधारलेली असल्याने तिच्यावर फार भार टाकू नये, पण तिची दिशा बाकीच्या पुराव्याशी जुळते. एकाच नाममुद्रेच्या दोन जिम शिकवणाऱ्यामुळे एकमेकींपेक्षा वेगळ्या ठरतात. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी इमारत, वातानुकूलन, भिंतीवरची प्रमाणपत्रे पाहण्यापेक्षा संध्याकाळी सातला जाऊन अर्धा तास बसावे. एका प्रशिक्षकाकडे किती माणसे आहेत, तो नवख्याचे वजन कधी उतरवायला लावतो, कोणाची चूक हाताने दाखवून सुधारतो की टाळ्या वाजवत ‘कम ऑन’ ओरडतो, हे तेवढ्या वेळात कळते. गर्दीच्या वेळी बाराहून अधिक माणसे एकाच्या हाताखाली असतील, तर चौपट फी ही गाण्यांची आणि घामाच्या वातावरणाची फी आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. समजा, साध्या जिमला महिना हजार रुपये पडतात आणि शिकवणाऱ्या जिमला पाच हजार. वर्षभर दुसरीकडे गेल्यास साठ हजार, आणि हा खर्च सळईच्या कारखान्यातल्या पर्यवेक्षकाला किंवा मोंढ्यातल्या मुनिमाला झेपणारा नाही. पण शिकण्याला शेवट असतो. स्क्वॉट, डेडलिफ्ट, वर ढकलणे, ओढणे अशा पाच-सहा हालचाली आणि वजन केव्हा, किती वाढवायचे याचा हिशेब, एवढी मूळ विद्या चांगल्या हाताखाली तीन-चार महिन्यांत अंगवळणी पडू शकते. त्यानंतर तोच माणूस साध्या जिममध्ये तेच लोखंड उचलू शकतो. तीन महिने तिकडे आणि नऊ महिने इकडे, असे केले तर चोवीस हजारांत वर्ष निघते आणि पुढची वर्षे साध्या दरात. शिकवणारी जिम कायम सभासद राहायला सांगेल, कारण तिचेही भाडे आणि पगार आहेत. तिथे राहणाऱ्यांना शिस्त, सोबत आणि ठरलेली वेळ मिळते, आणि काहींसाठी तेच निर्णायक असते. ज्याला बॅच नसेल तर अंथरूण सुटत नाही, त्याने साठ हजार खुशाल भरावेत. इतरांना मात्र एवढा खर्च करण्याचे कारण नाही.

या सगळ्या चर्चेत विशीतला तरुण गृहीत धरला जातो, ही तिची मोठी उणीव आहे. त्याचे शरीर चुका माफ करते. त्याला वाईट जिमही काही ना काही देऊन जाते. शिकवणाऱ्याची खरी गरज पंचेचाळिशीतल्या दुकानदाराला, बाळंतपणांनंतर पाठ धरलेल्या बाईला आणि मधुमेह निघालेल्या निवृत्त शिक्षकाला असते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये 2024 साली आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, स्त्रियांमध्ये हे प्रमाण 57 टक्के आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मधल्या पाहणीने देशातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींवर नेली. या लोकांना साध्या जिममध्ये काय मिळते? बायकांना दुपारची ‘लेडीज बॅच’, जिथे बहुतेकदा ट्रेडमिल आणि सायकलच्या पुढे कोणी नेत नाही, आणि वयस्करांना ‘अंकल, तुम्ही हलकेच करा’. तालमीची आठवण काढतानाही इथे थांबायला हवे. तालमीने बायकांना बहुधा दाराबाहेरच ठेवले आणि वस्तादाच्या धाकाला शिक्षणाचे नाव दिले. लहान बॅचच्या नव्या जिमचे श्रेय हे, की चाळिशीची बाईही तिथे बारबेलखाली उभी राहते आणि तिला कोणी हसत नाही.

महागड्या जिम ही गरज भागवतील, असे मात्र मला वाटत नाही. जालन्यात तेवढे गिऱ्हाईक निघेल का, हीच शंका आहे. सरकारचे लक्षही तालमीपेक्षा व्यापारी जिमच्याच वाटेने गेले आहे. राज्याच्या व्यायामशाळा विकास योजनेचा रोख इमारत आणि साहित्य यांवर आहे, आणि गावोगावच्या बागांतल्या खुल्या व्यायामशाळांत रंगीत यंत्रे आहेत, शिकवायला माणूस नाही. 1914 साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने उलटा मार्ग धरला: आधी शिक्षक घडवायचे. त्याच बळावर मंडळाचे पथक 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आले. आज एका चांगल्या व्यावसायिक ट्रेडमिलला काही लाख रुपये लागतात. तेवढ्यात अर्धवेळ प्रशिक्षकाचे वर्षभराचे मानधन निघू शकते. बी.पी.एड. होऊन शिक्षकभरतीची वाट पाहणारी मुले-मुली मराठवाड्यात कमी नाहीत. जिल्हा क्रीडा संकुलात सकाळी सहा ते आठ, दहा-दहा जणांच्या बॅच आणि तीन महिन्यांची माफक फी, एवढ्याने सुरुवात होऊ शकते, आणि तिला लागणाऱ्या सळया-चकत्या तर शहरातच तयार होऊ शकतील.