दोन गाड्यांमधलं बुऱ्हाणपूर

बाभुळगावहून धामणगावला यायचं, गाडी धरायची, भुसावळला बदलून खंडव्याकडे निघायचं. वाटेत बुऱ्हाणपूर लागतं. पुढच्या गाडीला अवकाश असेल, तर बाकावर पेंगत बसू नका. सामान ठेवा, उतरा. शहर स्टेशनापासून अंमळ दूर आहे, पण पाय मोकळे होतात.

जामा मशिदीत नक्की जा. फारुकी सुलतानांनी बांधलेल्या या मशिदीत भिंतीवर अरबी लेखासोबत संस्कृत लेखही कोरला आहे. सावकाश, अक्षर अक्षर लावून वाचा. मला तर अख्ख्या शहरात हीच भिंत मोलाची वाटते!

वेळ उरला, तर तापीकाठचा शाही किल्ला. मुमताजमहल १६३१ मध्ये याच शहरात वारली; नदीपलीकडे जैनाबादेत तिला आधी दफन केलं, आग्रा नंतरचं. घाटावर बायका धुणं आपटत असतात. त्यांना वाट विचारा, मराठीतच विचारा.