मुकी पिशवी

पारशिवनीजवळच्या एका संत्राबागायतदाराला गुदाशयाच्या कर्करोगात कायमची कोलोस्टोमी झाली. पोटाच्या डाव्या बाजूला आतड्याचं तोंड, त्यावर पिशवी. शौचाचं त्याने मनाला लावून घेतलं नाही. लाज वाटे ती वायूची. या तोंडाला आवळून धरणारा स्नायू नसतो, त्यामुळे आवाज कधीही होई. चारचौघांत बसणं त्याने सोडलंच होतं.

महाशिवरात्रीला मात्र पेंचकाठी घोगऱ्याच्या महादेवाला गेला. कडक उपास. शेंगदाण्याची उसळ, ओलं खोबरं आणि मृग बहाराची घरची संत्री, तीही फोडींच्या सालीसकट, चोथा न टाकता. पाणी बेताचंच. आपल्या उपासाइतकं चिवट जेवण एरवी होत नाही, पण सांगावं कोणाला!

दुसऱ्या दिवशी पिशवी सपाट. आवाजही नाही. म्हातारा खूश होऊन देवळात भजनाला बसला. संध्याकाळी पोटात कळा सुरू झाल्या आणि पिशवीत नुसतं पिवळं पाणी आलं.

"हागवण लागली. बंद व्हायची गोळी आण," तो मुलाला म्हणाला. मुलाने चपला घातल्या.

"थांबा जी," सून म्हणाली. पिशवी बदलायला तीच मदत करी, त्यामुळे दोघांत संकोच उरला नव्हता. "मामाजी, सकायपासून वारा सरला का?"

"नाही. बरंच हाये न!"

"बरं कायचं? पोट पाहा, कसं ताठलं. बागेच्या पाटात कचरा अडकला तरी बाजूनं पाणी झिरपतेच न? म्हणून पाट मोकळा असते का?"

तिने पिशवी काढून पाहिलं. तोंड लाल होतं, पण सुजलेलं. गोळी आणू दिली नाही, रेचकही नाही. घास बंद, धोतराची गाठ सैल. कोमट पाणी घोट घोट द्यायचा तिचा विचार होता. तेवढ्यात म्हाताऱ्याला उलटी झाली. मग पाणीही नाही. शेजाऱ्याची गाडी काढून थेट नागपूर.

एक्स-रे, नाकातून नळी, सलाईन. "गोळीनं आतडं आणखी मंदावलं असतं," डॉक्टर म्हणाले. "पोट फुगलं, वारा बंद, वर उलटी, तर घरी वाट पाहू नका. अन् तोंड काळं-जांभळं दिसलं तर बाकी काही नसलं तरी निघा."

दुसऱ्या दिवशी पहाटे पिशवी फुगली, चांगली आवाज करत. वॉर्डातली दोन-चार तोंडं वळली. म्हातारा उशीवरूनच ओरडला, "सिस्टर, इकडं या, आयकलं का तुमी?"