न विचारलेला दोष

जुनी मोटारगाडी घेणे हा सामान्य कुटुंबासाठी लहान व्यवहार नसतो. त्यात साठवलेला पैसा असतो, पतपेढीचे कर्ज असते आणि उद्या मुलाबाळांना घेऊन त्याच गाडीने रस्त्यावर जायचे असते. अशा वेळी विकणाऱ्यासमोर एक प्रश्न उभा राहतो. गाडीतला दोष आपल्याला ठाऊक आहे, पण समोरच्याने विचारलेच नाही. मग तो सांगण्याचे बंधन आपल्यावर आहे का? आपण खोटे बोललो नाही, फक्त गप्प राहिलो, एवढ्याने आपली विवेकबुद्धी शुद्ध राहते का?

कायद्याचे उत्तर विकणाऱ्याला बरेच सोयीचे आहे. घेणाऱ्याने सावध राहावे हे तत्त्व, काही अपवाद सोडून, १९३० च्या माल विक्री कायद्यात आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणेही नुसते मौन ही सहसा फसवणूक ठरत नाही. परंतु आपण ख्रिस्ती माणसे केवळ कायद्याच्या कक्षेत राहून समाधान मानू शकत नाही.

हा प्रश्न मोटारींच्या कितीतरी आधीचा आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात त्याचा विचार केला. त्यांच्या काळी गाडीच्या जागी घोडा होता. ते म्हणतात, घोड्याला एकच डोळा असेल तर ते कोणालाही दिसते. विकणाऱ्याने किंमत योग्य तेवढी कमी केली असेल, तर तो दोष बोलून दाखवण्याचे बंधन नाही. पण दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याला धोका किंवा तोटा होणार असेल, तर न सांगता विकणे ही फसवणूक आहे. विकणाऱ्याने ती भरपाई करून दिली पाहिजे.

हा भेद आजच्या गाडीला तंतोतंत लागू पडतो. मारुती ८०० चेच पाहा. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. म्हणजे तिची सर्वांत नवी गाडीसुद्धा आता दहा वर्षांहून जुनी आहे. उडालेला रंग, फाटलेले सीट, झिजलेले टायर हा एक डोळ्याचा घोडा झाला. घेणारा ते पाहतो आणि त्याप्रमाणे भाव करतो.

पण मॅटखाली गंजून पातळ झालेला पत्रा दिसत नाही. आपल्या वसईच्या खाऱ्या हवेत असा गंज आतल्या आत वाढतो. जुलै २००५ च्या किंवा जुलै २०१८ च्या पुरासारख्या पाण्यात गाडी बुडून गेली असेल, तर ती पुसून, सुकवून पुन्हा चकचकीत करता येते. मात्र वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा महिन्यांनी त्रास देतो. हेड गॅस्केट गेलेले असेल तर इंजिन पाणी पिते आणि लांबच्या प्रवासात तापते. ब्रेक कधीकधी दगा देतो, हे तर केवळ रोज चालवणाऱ्यालाच ठाऊक असते. अशा ठिकाणी प्रश्न फक्त सातव्या आज्ञेचा, म्हणजे दुसऱ्याच्या पैशाचा, राहत नाही. तो पाचव्या आज्ञेचा, दुसऱ्याच्या जिवाचा होतो.

आणि गप्प राहणे पुष्कळदा नुसते गप्प राहणे नसते. गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन तापवून ठेवायचे, म्हणजे सकाळी थंड इंजिन सुरू होताना होणारा त्रास दिसत नाही. निळा धूर निघू नये म्हणून जाड ऑइल घालायचे. किलोमीटरचा मीटर मागे फिरवायचा. यात तोंडातून शब्द निघत नाही, पण हात खोटे बोलतात. आठवी आज्ञा हातांनाही लागू आहे.

कोणी म्हणेल, असे सगळे सांगत बसलो तर गाडी विकली कशी जाणार? संत थॉमस यांनी याचाही विचार केला आहे. दोषांची दवंडी पिटण्याची गरज नाही, कारण ती ऐकून लोक मालाचे गुण न पाहताच निघून जातील. मात्र जो खरोखर घ्यायला येतो, त्याला दोष सांगितला पाहिजे, म्हणजे तो गुणदोष दोन्ही तोलू शकेल. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. विकताना दोष ठाऊक नसेल तर पाप नाही, पण नंतर कळला तर नुकसान भरून द्यावे. "आता व्यवहार झाला" हे ख्रिस्ती उत्तर नव्हे.

घेणाऱ्यालाही कर्तव्य आहे. "आपल्याच धर्मग्रामातला माणूस आहे" म्हणून डोळे मिटून पैसे देणे म्हणजे विश्वास नव्हे, निष्काळजीपणा आहे. गाडी सकाळी थंड असताना पाहावी. मॅट उचलावी, स्टेपनीच्या खळग्यात चिखलाचे थर आहेत का ते बघावे. मीटर थोडे किलोमीटर दाखवतो आणि पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, असे असेल तर विचारावे. ओळखीचा मेकॅनिक न्यावा, आणि तो दुसऱ्या बाजूने दलाली घेत नाही याची खात्री करावी.

तसेच चांगल्या गाडीला मुद्दाम नावे ठेवून भाव पाडणे हाही अन्यायच आहे. माल वाईट, वाईट म्हणत घेणारा आणि घरी जाऊन फुशारकी मारणारा गिऱ्हाईक नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात आपल्याला भेटतो. पतीच्या निधनानंतर गाडी विकायला काढणाऱ्या भगिनीला तिची किंमत ठाऊक नसते. तिच्या अज्ञानावर नफा मिळवणे हे, न सांगता सडका पत्रा विकण्याइतकेच वाईट आहे.

म्हणून पापनिवेदनाला जाण्याआधी आपण विवेकबुद्धी तपासतो, तेव्हा आपल्या व्यवहारांनाही तिथे जागा देऊ या. आपली कसोटी साधी असावी: हीच गाडी माझा भाऊ घेत असता, तर त्याला मी काय सांगितले असते? तेच परक्यालाही सांगू या. त्यासाठी थोडे पैसे कमी मिळाले तरी चालतील. प्रभू येशू आपल्या घरांत आणि आपल्या व्यवहारांत सचोटी नांदवो.