दिक् आणि काल : दूर म्हणजे किती?

मुंबई आणि लंडन यांच्यातले सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. जाता-येता अंतर तेवढेच. वेळ मात्र वेगळा. लंडनला जाताना विमानाला साडेनऊ-दहा तास लागतात, परतताना साधारण तासभर कमी. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे परतीच्या विमानाला मागून रेटतात. हिवाळ्यात दुपारी १ वाजता मुंबईहून निघालेले विमान १० तासांनी उतरले, तर लंडनमध्ये संध्याकाळचे ५:३० वाजलेले असतात. प्रवासात १० तास गेले, घड्याळात साडेचारच सरले. यांतला खरा काळ कोणता?

भारतीय तत्त्वज्ञानातल्या वैशेषिक दर्शनाच्या नऊ द्रव्यांत दिक् (दिशा किंवा अवकाश) आणि काल ही दोन स्वतंत्र द्रव्ये आहेत. परत्व आणि अपरत्व हे गुण दोन्हींशी जोडलेले आहेत : दिक्‌मुळे गाव लांब किंवा जवळ ठरते, कालामुळे माणूस थोरला किंवा धाकटा. काल एक, नित्य आणि सर्वव्यापी. क्षण, दिवस, महिना हे भेद सूर्याच्या गतीसारख्या उपाधींमुळे, म्हणजे बाहेरून जोडल्या गेलेल्या निमित्तांमुळे पडतात.

या दृष्टीने मुंबई आणि लंडनची घड्याळे दोन काळ दाखवत नाहीत. सूर्य कुठे किती कलला, यावरून एकाच कालाला पडलेली ती दोन नावे आहेत. प्रवाशाने भोगलेले १० तास मात्र दोन्हीकडे सारखेच राहतात.

आसनासमोरच्या पडद्यावर उरलेले किलोमीटर आणि उरलेला वेळ शेजारी-शेजारी दिसतात. वारा फिरला की वेळ बदलतो, गावांमधले अंतर बदलत नाही. दिक् आणि काल वेगळे मानण्यामागचा अनुभव तो हाच.