केसांचा स्वभाव

सरळ केसांना रसायनांच्या साह्याने वळण लावून ते महिनोन्‌महिने कुरळे राखण्याच्या क्रियेला पर्म म्हणतात, आणि ती करून घेणाऱ्याची पहिली अट बहुधा हीच असते, की केस कुरळे तर व्हावेत, पण ते जन्मजातच तसे आहेत असे पाहणाऱ्याला वाटावे. घडवलेली वस्तू स्वाभाविक भासावी ही इच्छा सत्याला धरून आहे काय, आणि माणसाने ज्याच्याशी एकनिष्ठ राहावे असा शरीराला काही स्वभाव असतो काय, असे दोन प्रश्न या अटीत गुंतलेले आहेत. बेळगाव-निपाणीचा सीमाभाग त्यांच्या विचाराला विशेष अनुकूल आहे, कारण स्वतःच्या हातांनी केस उपटणारे दिगंबर जैन मुनी आणि केसांना फणी लावण्याचीही भीती घालणारी, यल्लम्मा देवीच्या नावाने राखलेली जट, अशा दोन टोकांच्या परंपरा येथे शेजारी शेजारी नांदल्या आहेत.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असून त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी परस्परांशी जखडलेल्या असतात. पर्म करताना केस रुळांवर गुंडाळून थायोग्लायकोलिक आम्लाच्या क्षाराने त्यांतील काही बंध तोडले जातात आणि केसांनी रुळाचा आकार घेतला की हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणाने ते नव्या जागी पुन्हा जोडले जातात. एकाच जाडीचे रूळ एकाच दिशेने लावल्यास सर्व वळणे सारखी येतात आणि कृत्रिमपणा चटकन लक्षात येतो. म्हणून कुशल कारागीर निरनिराळ्या जाडीचे रूळ निरनिराळ्या दिशांनी लावतो आणि मुळाजवळचा भाग सैल ठेवतो, म्हणजे स्वाभाविकपणाचा आभास अनियमितपणातून आणि तो अनियमितपणा मात्र हिशेबाने निर्माण केला जातो. केसाचे मूळ यामुळे बदलत नाही. महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढणारा नवा केस पूर्वीसारखा सरळच उगवतो.

जन्मतः आलेला तो सरळ केसच खरा आणि कुरळा केस खोटा, असे सामान्य मत असते. जैन तत्त्वज्ञान ते मान्य करीत नाही. आचार्य कुंदकुंदांच्या ‘नियमसारा’त पुद्गलाच्या, म्हणजे रूप, रस, गंध व स्पर्श असलेल्या जड द्रव्याच्या, अवस्थांचे दोन प्रकार सांगितले आहेत: इतर कशाच्याही संयोगावाचून असणारी परमाणूची अवस्था हा स्वभावपर्याय, आणि परमाणूंच्या संयोगातून झालेल्या स्कंधाची अवस्था हा विभावपर्याय. केस हा स्कंधच असल्यामुळे तो सरळ असो वा कुरळा, दोन्ही रूपे विभावच ठरतात, आणि ज्या आत्म्याच्या नावाने ‘माझे केस’ असे म्हटले जाते त्याचा तर त्यांपैकी कोणत्याही रूपाशी स्वभावसंबंध नाही. निसर्गाची बाजू घेऊन पर्मला दोष देणाऱ्यांचा आधार येथे सुटतो.

मुनींचा केशलोच, म्हणजे हाताने केस उपटणे, हे या भूमिकेचेच आचरण आहे. दिगंबर मुनीच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी, म्हणजे अनिवार्य व्रतांपैकी, तो एक असून ‘मूलाचार’ या ग्रंथानुसार दोन महिन्यांनी केलेला लोच उत्तम, तीन महिन्यांनी केलेला मध्यम आणि चार महिन्यांनी केलेला जघन्य, म्हणजे कनिष्ठ, मानला जातो. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावरील भोज गावचे आचार्य शांतिसागर (१८७२–१९५५) यांच्यामुळे विसाव्या शतकात या परंपरेला नवे बळ मिळाले. वस्तरा नको, न्हावी नको, उवालिखांची हिंसा नको आणि देहाचे कौतुकही नको, अशी अनेक कारणे या एका कृतीत एकवटतात.

गृहस्थाकडून मात्र हे अपेक्षित नाही. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त उपवासाच्या दिवशी स्नान, अंजन, गंध, पुष्प व अलंकार वर्ज्य करण्यास सांगितले आहे, आणि त्या दिवसापुरते ते सोडायचे याचाच अर्थ एरवी त्यांना मर्यादेत मुभा आहे. पर्मविषयीची खरी अडचण येथे दिसते, आणि ती खोटेपणाच्या आक्षेपापेक्षा अधिक गंभीर आहे: फुले उतरवता येतात, काजळ पुसता येते, पण केसाच्या बंधांतच बसवलेला शृंगार अष्टमी-चतुर्दशीच्या उपवासापुरता बाजूला ठेवता येत नाही. नटण्यापेक्षा, नटणे हवे तेव्हा खाली ठेवता न येणे, हा विचारणीय दोष होय.

या कसोटीवर वाल्मीकी रामायणातील एक प्रसंग वेगळाच अर्थ देतो. शृंगवेरपुरात निषादराज गुहाकडून वडाचा चीक मागवून राम-लक्ष्मणांनी आपल्या जटा तयार केल्या. तपस्व्याच्या मस्तकावर काळाने आपोआप होणारी गोष्ट त्यांनी एका दिवसात हाताने घडवली, तरी परंपरेने त्यास ढोंग म्हटले नाही. चौदा वर्षांनी राज्याभिषेकापूर्वी रामाने त्या जटा उलगडून स्नान केले. व्रतासाठी धारण केलेले रूप व्रत संपताच उतरले.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने राखलेली जट नेमकी याच्या उलट आहे. तिच्यात बनावट काहीच नसते. न विंचरलेल्या, नीट न धुतलेल्या केसांत तेल, घाम आणि धूळ साचून गुंता होतो व पुढे त्याची घट्ट दोरी बनते. परंतु ती देवीची खूण ठरवली गेली, तिला कात्री लावल्यास कोप होईल असे भय घातले गेले, आणि जट आलेल्या कित्येक मुली या निमित्ताने देवीला सोडल्या गेल्या, म्हणजे देवदासी केल्या गेल्या. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासी परिषद भरली, निपाणीतही ही प्रथा थांबवण्याचे काम रुजले, आणि कर्नाटकाने १९८२ मध्ये देवदासी समर्पणाला बंदी करणारा कायदा केला. जट काढणाऱ्या कार्यकर्त्यांना कात्री चालवण्याआधी कित्येक बैठकांतून त्या बाईचे आणि तिच्या घरच्यांचे भय घालवावे लागते, यावरून बंधन केसांपेक्षा कोठे अधिक घट्ट असते हे कळते.

तेव्हा पूर्णतः नैसर्गिक असलेली जट एखाद्या बाईचे आयुष्य गिळू शकते आणि पूर्णतः घडवलेली जटा रामाच्या मस्तकावर निर्दोष असू शकते, हे मान्य केल्यास पर्मची परीक्षाही त्याच मापाने झाली पाहिजे. ‘तत्त्वार्थसूत्रा’ने असत्य ही संज्ञा प्रमादाने, म्हणजे रागद्वेषातून येणाऱ्या बेसावधपणाने, उच्चारलेल्या अयोग्य वचनाला लावली आहे, केसांचे वळण हे वचन नव्हे, आणि विचारल्यावर ‘करून घेतले आहे’ असे सांगणाऱ्याकडून सत्यव्रताचा भंग होत नाही. परंतु मुळाशी सरळ केस दिसू लागताच जो अस्वस्थ होतो, चारचौघांत जाणे टाळतो आणि टाळूची आग सोसूनही पुन्हा रसायन लावून घेतो, त्याच्यावर देवीचे भय नसले तरी लोकांच्या नजरेचे भय आहे, आणि ते घालवण्यासाठी कोणतीही परिषद भरत नाही. ज्याला ते वाढते सरळ केस आरशात पाहून काहीच वाटत नाही, त्याने कुरळे केस खुशाल मिरवावेत. त्यास अडवण्याचे कारण या परिसरातील कोणत्याही दर्शनात सापडत नाही.