आधी नोंद, मग संशय

“फिर्यादीलाच आधी दोन ठेवून द्या सर, निम्मे गुन्हे तिथंच मिटतेत.” आमच्या गल्लीतल्या निवृत्त जमादारांनी चहाच्या टपरीवर हे वाक्य टाकलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात माझीही मान होती. वाक्य मात्र नंतर कित्येक दिवस डोक्यातून जाईना.

लुटीचा बनाव म्हणजे काय, हे हिंगोली-वसमतकडं कुणाला समजावून सांगायला नको. हळदीची पट्टी झाली, रोकड घेऊन गडी निघाला आणि रात्री ठाण्यात हजर. डोळ्यांत मिरचीपूड, तोंड बांधलेले तिघे, पिशवी हिसकावली. शर्ट फाटलेला, पण नीट शिवणीवर. मोबाइल खिशात शाबूत. पुढं कळतं की पैसे सावकाराकडं तरी गेले, नाहीतर ऑनलाइन रमीत. मग पेपरात चौकट येते की फिर्यादीच आरोपी निघाला.

जमादारांचं म्हणणं, कायदाच बुळा. त्यांच्या नोकरीत कलम १८२ होतं : लोकसेवकाला खोटी माहिती दिली तर सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २१७ आलं, तिथं वर्षभर कैद किंवा दहा हजार दंड. कुणाला अडकवण्यासाठी खोटा गुन्हा घातला तर कलम २४८, त्यात पाच वर्षं आणि आरोप गंभीर असेल तर दहा. कागदावर जरब वाढली. पण २१७ खाली कोर्ट आपणहून हलत नाही, अधिकाऱ्यानंच लेखी तक्रार करावी लागते. पेंडिंग गुन्ह्यांच्या ढिगात हे झेंगट कोण गळ्यात घेणार? इथपर्यंत मी जमादारांच्या बाजूचा.

अडतं ते पुढं. खोटी फिर्याद म्हणायचं कुणाला? आपल्या पोलिसांकडं तपास मिटवायची तीन अक्षरं आहेत. गुन्हा खरा पण छडा लागला नाही, तर ‘अ’ समरी. फिर्याद खोटी आणि द्वेषानं केलेली, तर ‘ब’. गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी भांडणाची, तर ‘क’. जमादारांच्या हिशेबात तिन्ही एकाच पोत्यात. चोर सापडला नाही, खोटी. साक्षीदार फुटला, खोटी. बांधाचं भांडण, तेही खोटंच.

हा घोटाळा जमादारांपुरता असता तर सोडून दिला असता. कराडच्या फार्मसी कॉलेजातून निघालेला ॲट्रॉसिटीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २० मार्च २०१८ च्या निकालात न्यायालयानं कायद्याच्या गैरवापराचं बोट धरून, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची वाट मोकळी केली. देशभर संताप उसळला, संसदेनं ऑगस्टमध्ये कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयानं स्वतःचेच ते निर्देश मागं घेतले. तेव्हाचं कारण मोलाचं आहे : प्रकरण तपासातल्या ढिलाईनंही पडतं, त्याचं खापर फिर्यादीच्या जातीवर फोडता येत नाही. सिद्ध न होणं वेगळं आणि खोटं असणं वेगळं. हे एकदा सांगून भागत नाही.

आता थोडं आडवाटेला जातो, कारण गोष्ट आपल्याच गावची आहे. हिंगोलीला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची निजामाची छावणी होती. ठगांवरची गाजलेली कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर इथं राहिलेला. १८३९ च्या त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यानं हरिसिंग नावाच्या इथल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकिकत दिली आहे. टेलरनं स्वतः त्याच्याशी व्यवहार केले होते. या हरिसिंगानं मुंबईहून कापड आणण्याचा परवाना छावणीतल्या साहेबाकडून रीतसर घेतला. कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचं, वाटेवर असलेलं. त्याला आणि त्याच्या माणसांना मारून माल याच परवान्यावर हिंगोलीत आणला आणि भर छावणीत विकला. हरिसिंग ठगांचा म्होरक्या होता.

साहेबाचा संशय कुणावर गेला असता? पालातल्या भटक्यावर. शिक्क्याच्या कागदाला आणि पांढऱ्या कपड्यांना संशय शिवला नाही. आणि मेलेल्यांची फिर्याद कुठंच नव्हती, म्हणून तपासायलाही काही नव्हतं.

जमादार यावर म्हणतील, म्हणूनच तर संशय हवा! हवाच. जानेवारी २०२४ मध्ये हिंगोली तालुक्यात आई, वडील आणि मुलगा असे तिघे रस्त्याकडेला मृत सापडले. सांगितलं गेलं की मोटारसायकलचा अपघात. पोलिसांना ते पटलं नाही. त्यांनी खोदून काढलं आणि त्याच घरातल्या तरुणाला खुनाच्या आरोपाखाली अटक केली. पण क्रम बघा. आधी नोंद, मग संशय. ठाण्याच्या उंबऱ्यावरच अंदाज बांधून परत पाठवलं तर खोटा सुटतो आणि खराही सुटतो. नोंदलेलं खोटंच पकडता येतं. म्हणून बनावाची फिर्यादसुद्धा निमूट लिहून घ्यावी, असं मी आता म्हणतो. टपरीवर मान डोलावताना हे म्हणायचं नव्हतं.

मग शिक्षा? व्हावी, पण माझा जीव तिच्यात नाही. ‘तोंड बांधलेले तिघे’ असं सांगणाऱ्यानं कुणाचं नाव घेतलेलं नसतं, म्हणून तो स्वतःला निरुपद्रवी समजतो. त्या बिननावाच्या तिघांचा शोध सुरू होतो तो रेकॉर्डवरच्यांपासून, म्हणजे बहुतेक वेळा पारधी वस्तीवरून. झडती होते, पोरं उचलली जातात, गाव बघत असतं. बनाव उघड झाल्यावर चौकटीत फिर्यादीची बातमी येते, वस्तीची येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं बंधनकारक केलं आहे. झडती झालेल्या वस्तीला कळवायचं बंधन नाही. ‘ब’ समरी मंजूर झाली की तिची प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी, आणि ज्या घरांत पोलीस शिरले तिथं पोलिसानंच जाऊन सांगावं की तुमचा काही संबंध नव्हता. विश्वास परत आणायचा तर सुरुवात त्या घरांपासून करावी लागेल. फिर्यादीला दोन ठेवून दिल्यानं त्यांचं काही भरून येत नाही.